गावचा हापसा आणि पाण्याचा पहारा

शाळेच्या वाटेवर, देवळापाशी किंवा चावडीसमोर एखादा हापसा तुम्ही पाहिलाच असेल. दांडा खाली दाबला की साखळी करकरते आणि तोटीतून पाणी येते. हे आपल्या इतके सवयीचे झाले आहे की त्यात विज्ञान ते काय, असे वाटावे. पण या साध्या दिसणाऱ्या यंत्रामागे खडकाचे शास्त्र आहे, यंत्रशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे आणि जंतुशास्त्रही आहे. खेड्यांना पिण्याचे शुद्ध पाणी मिळावे म्हणून सरकारने स्वातंत्र्यानंतर जे प्रयत्न केले, त्यांचा बराचसा इतिहास या हापशात साठवलेला आहे. त्यात यश आहे, चुका आहेत आणि त्या चुकांतून घेतलेले धडेही आहेत. त्या सर्वांतून निघणारी एक गोष्ट या लेखाच्या शेवटी आपल्याला सांगायची आहे.

आड, बारव आणि नारू

पूर्वी गावाचे पाणी म्हणजे आड, विहीर, नदीतला झरा नाहीतर बारव. बारवेला पायऱ्या असतात. त्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येते आणि घागर बुडवून भरता येते. सोय मोठी, पण माणसाचे पाय पाण्यात जातात. या एका गोष्टीवर नारू नावाचा रोग शेकडो वर्षे टिकून होता.

नारू हा एक लांब, दोऱ्यासारखा कृमी आहे. रोग्याच्या पायावर फोड येतो. त्याची आग शमवण्यासाठी किंवा पाणी भरण्यासाठी रोगी बारवेत उतरला की फोड फुटतो आणि कृमीची हजारो सूक्ष्म पिले पाण्यात सुटतात. त्या पाण्यात ‘सायक्लॉप्स’ नावाचा एक चिमुकला जलचर असतो. तो ही पिले गिळतो. मग असे पाणी कोणी न गाळता प्याला, की सायक्लॉप्सबरोबर कृमीची पिलेही पोटात जातात. आतमध्ये कृमी वाढतो आणि सुमारे वर्षभराने, कधी कधी जवळजवळ एक मीटर लांबीचा होऊन, पुन्हा पायातून बाहेर येऊ लागतो. शेतकऱ्याला ऐन पेरणीच्या हंगामात अंथरुणाला खिळवणारा असा हा रोग. त्यावर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते.

पण या साखळीत एक कच्चा दुवा होता. माणसाचा पाय पाण्याला लागलाच नाही, तर पिले पाण्यात पडणार नाहीत. आणि पाणी फडक्यातून गाळले, तर सायक्लॉप्स पोटात जाणार नाही. बस्स, एवढेच! भारत सरकारने १९८३–८४ च्या सुमारास नारूनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रही नारूच्या राज्यांपैकी एक होते. बारवांच्या पायऱ्या बंद करून त्यांना कठडे बांधले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध टाकले, घरोघरी गाळण्याची फडकी दिली आणि जिथे शक्य तिथे हापसे बसवले. भारतातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. एक रोग औषधाविना, केवळ पाण्याची व्यवस्था सुधारून आणि लोकांना समजावून देऊन देशातून गेला.

पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ या रोगांचीही वाट बरीचशी अशीच आहे. रोग्याच्या विष्ठेतले जंतू पावसाच्या पाण्याबरोबर उघड्या विहिरीत उतरतात. जमिनीत खोलवर असलेले पाणी मात्र माती-मुरुमातून झिरपत गेलेले असल्यामुळे सहसा जंतूंपासून मुक्त असते. म्हणजे प्रश्न असा झाला, की ते खोल पाणी उघडे न पाडता वर कसे आणायचे?

काळा पाषाण आणि १९७२ चा दुष्काळ

महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. वाळूच्या थरात पाणी सर्वत्र मुरते. काळ्या पाषाणात तसे नाही. येथे पाणी राहते ते खडकाच्या भेगांत, दोन थरांच्या सांध्यात आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. त्यामुळे एका शेतात विहिरीला पाणी लागते आणि शंभर पावलांवर कोरडा दगड लागतो.

असा खडक पहार-सुरुंगाने फोडून विहीर खणायला महिनोन् महिने लागत. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गावेच्या गावे पाण्यासाठी वणवण करू लागली. त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. खडकाचा व विहिरींचा अभ्यास करून पाणी कोठे असेल याचा अंदाज भूवैज्ञानिकांनी द्यावा, आणि मग तेथे विंधन विहीर घ्यावी, अशी ही पद्धत. केंद्र सरकारचा ग्रामीण पाणीपुरवठ्याला वेग देणारा कार्यक्रमही याच सुमारास, १९७२–७३ मध्ये सुरू झाला.

या कामाला साथ मिळाली ती एका नव्या विंधन यंत्राची. १९६६–६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर ‘युनिसेफ’ या संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ही यंत्रे भारतात आणली होती. यात हातोडा वर नसतो, तो नळीच्या टोकाशी खाली छिद्रातच असतो. दाबाखालची हवा नळीतून सोडली की तो मिनिटाला शेकडो ठोके देत खडक फोडतो आणि तीच हवा परत वर येताना दगडाचा भुगा उडवून बाहेर आणते. ज्या कामाला पूर्वी आठवडेच्या आठवडे लागत, ते एक-दोन दिवसांत होऊ लागले. जेमतेम वीतभर रुंदीचे छिद्र, वरच्या भागात लोखंडी नळी आणि भोवती सिमेंटचा ओटा. आता वरची घाण आत जायला वाटच उरली नाही.

पाणी सापडले, विहीर झाली. आता ते वर आणायचे राहिले.

तीन-चतुर्थांश पंप बंद!

आरंभी या विहिरींवर बिडाचे हातपंप बसवले गेले. परदेशात एखाद्या शेतघरात एका कुटुंबासाठी वापरतात त्या नमुन्याच्या त्या नकला होत्या. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास पाहणी झाली, तेव्हा धक्कादायक गोष्ट उघडकीस आली. बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बंद पडले होते. खाली पाणी होते, वर तहानलेले गाव होते आणि मध्ये मोडका दांडा होता. लोक पुन्हा त्याच जुन्या डबक्यावर जाऊ लागले.

असे का झाले? आपण एक साधा हिशेब करू. सरकारी नियमाप्रमाणे २५० माणसांमागे एक हापसा आणि माणशी रोज ४० लिटर पाणी असे प्रमाण धरले जाई. म्हणजे एका हापशाने रोज १०,००० लिटर पाणी उपसायचे. मिनिटाला ४० हिसक्यांत सुमारे १५ लिटर पाणी येते असे धरा. १०,००० भागिले १५, म्हणजे सुमारे ६६७ मिनिटे, अर्थात अकरा तास! हिसके किती? ४० गुणिले ६६७, म्हणजे रोज सत्तावीस हजारांच्या जवळपास आणि वर्षाला एक कोटीच्या आसपास. एका कुटुंबासाठी केलेले यंत्र इतके काम कसे सोसणार? सांधे झिजले, बीड तडकले, खिळी गळून पडल्या. दोष पाणी भरणाऱ्या बायाबापड्यांच्या हाताचा नव्हता. ज्या कामासाठी यंत्र घडवले नव्हते, ते काम त्याला दिले होते.

उपाय निघाला तो बराचसा आपल्याच मुलखातून. जालना आणि सोलापूर येथे विहिरींचे काम करणाऱ्या कारागिरांनी व तंत्रज्ञांनी बिडाऐवजी पोलादाचे, मजबूत आणि एकाच टेकूवर फिरणारे पंप बनवून पाहिले होते. ते टिकत होते. त्यांतल्या सोलापूरच्या पंपाचा नमुना पुढे ठेवून भारत सरकार, युनिसेफ, मद्रास येथील यंत्रसंशोधन संस्था आणि तेथीलच एक सरकारी कारखाना यांनी मिळून नवा पंप तयार केला. त्याचे नाव ‘इंडिया मार्क–२’. १९७९ साली त्याचे भारतीय मानक ठरले. त्यावर कोणाचाही मक्ता ठेवलेला नव्हता. मानक पाळून कोणत्याही कारखान्याने तो बनवावा. एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसावा, हा त्यातला मोठा फायदा. देशात असे लाखो पंप बसले आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांतही ते गेले.

हापशाच्या पोटात

आता हा पंप चालतो कसा ते पाहू. तुम्ही शिकला आहात, की हवेचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. म्हणून नळीतली हवा वरून ओढून पाणी चढवायचे म्हटले, तर १० मीटरच्या वर ते जाणारच नाही. प्रत्यक्षात झडपांच्या गळतीमुळे सात-आठ मीटर हीच मर्यादा. आपल्याकडे तर पाणी २०, ३०, ४० मीटर खोल! मग करायचे काय?

पाणी वरून ओढायचे नाही, खालून उचलायचे. हापशाचे खरे नळकांडे जमिनीवर नसते, ते नळीच्या टोकाला, पाण्याच्या पातळीखाली बुडवलेले असते. त्यात एक दट्ट्या असतो. दट्ट्यात एक झडप आणि नळकांड्याच्या तळाशी दुसरी झडप, दोन्ही फक्त वरच्या दिशेला उघडणाऱ्या. दट्ट्या वर गेला की त्याच्यावरचे पाणी उचलले जाते आणि तळाच्या झडपेतून नवे पाणी आत येते. दट्ट्या खाली आला की तळाची झडप मिटते, दट्ट्यातली उघडते आणि आत आलेले पाणी दट्ट्याच्या वर जाते. पुन्हा वर, पुन्हा खाली. अशा रीतीने पाणी टप्प्याटप्प्याने नळीतून चढत तोटीपर्यंत येते.

दट्ट्याचा व्यास ६३.५ मिलिमीटर असतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस सेंटिमीटर. पाणी ४० मीटर खोल असेल, तर दट्ट्यावर ४० मीटर उंच स्तंभाचा दाब येतो. ३२ गुणिले ४,००० म्हणजे १,२८,००० घन सेंटिमीटर. अर्थात सुमारे १२८ किलोग्रॅमचा भार. (येथे कोणी म्हणेल की वरची नळी तर दट्ट्यापेक्षा बारीक आहे, मग तिच्यातले पाणी इतके जड कसे? पण दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीवरून, नळीच्या जाडीवरून नव्हे. आणि तो दाब दट्ट्याच्या सबंध क्षेत्रफळावर पडतो. हा पास्कलचा नियम.) दट्ट्याला वर जोडणाऱ्या लोखंडी सळ्यांचे वजन धरले, तर भार १६० किलोग्रॅमच्या घरात जातो.

एवढा भार नववी-दहावीतली मुलगी कशी उचलते? येथे तरफेचा नियम मदतीला येतो. दांड्याचा हाताकडचा भाग टेकूपासून साखळीच्या बाजूपेक्षा सुमारे आठपट लांब असतो. म्हणून १६० किलोग्रॅमसाठी हाताला २० किलोग्रॅमचाच जोर पुरतो. त्यातही दांडा भरीव पोलादी असल्यामुळे त्याचे स्वतःचे वजनही काही भार तोलते.

आणि ती करकरणारी साखळी? दांडा फिरताना त्याचे टोक वर्तुळाच्या चापात फिरते. पण सळई मात्र सरळ वर-खाली गेली पाहिजे. ती तिरपी ओढली गेली, तर सांधे झिजतात. म्हणून दांड्याच्या टोकाला चापाच्या आकाराचा भाग बसवून त्यावरून साखळी सोडली आहे. साखळी चापावर गुंडाळली जाते आणि सळई सरळच राहते. साखळीने ओढता येते, ढकलता येत नाही. दट्ट्या खाली जातो तो सळ्यांच्या स्वतःच्या वजनाने.

या पंपात एक अडचण मात्र राहिली. नळकांड्यातल्या दट्ट्यावर चामड्याची, पुढे रबराची, वाटीसारखी वॉशरे असतात. ती झिजली की बदलावी लागतात. पण दट्ट्या वरच्या नळीपेक्षा रुंद! म्हणजे चार बोटांचे वॉशर बदलायला ४० मीटर नळी बाहेर काढायची. त्यासाठी तिकाटणे, चार-पाच माणसे आणि तालुक्याहून येणारी गाडी हवी. गाडी येईपर्यंत गाव पाण्याविना. म्हणून पुढे ‘मार्क–३’ आला. त्याची नळी इतकी रुंद केली, की दट्ट्या नळीतूनच वर ओढून घेता येतो. काही गावच्या जाणत्या माणसांना आता दुरुस्ती स्वतः करता येऊ लागली. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात तर खेड्यातल्या स्त्रियांनी हे काम शिकून घेतले. पाणी भरणाराच पंप दुरुस्त करू शकला, तर पंप फार दिवस बंद राहत नाही.

स्वच्छ दिसणारे पाणी

हापशाचे पाणी जंतूंपासून बहुधा मुक्त असते, म्हणून ते शुद्ध, असे सर्वांनी धरले होते. येथे निसर्गाने आणखी एक धडा दिला. खडकात वर्षानुवर्षे राहिलेले पाणी खडकातले क्षार विरघळवून घेते. त्यात कधी फ्लोराइड असते. ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असलेले पाणी बरीच वर्षे प्याले, तर प्रथम मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि प्रमाण फार असेल तर पुढे हाडे व सांधे ताठरतात. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील काही गावांना हा त्रास आहे. पश्चिम बंगालमध्ये १९८० नंतरच्या दशकात नलिकाकूपांच्या पाण्यात आर्सेनिक हे विष आढळले. विहिरी खोदल्या होत्या त्या लोकांना पटकीपासून वाचवण्यासाठी!

यातली फसगत अशी, की असे पाणी काचेसारखे नितळ दिसते, त्याला वास नसतो, चवीवरूनही कळत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. तेव्हा ‘स्वच्छ’ आणि ‘सुरक्षित’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत, हे लक्षात ठेवा. पाणी सुरक्षित आहे की नाही हे डोळा सांगू शकत नाही, प्रयोगशाळा सांगते.

फ्लोराइडवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, एक उपाय शोधला. आंध्रातील नळगोंडा या फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यावरून (तो आता तेलंगणात आहे) त्याला ‘नळगोंडा पद्धत’ म्हणतात. पाण्यात ठरावीक प्रमाणात चुना व तुरटी घालून ढवळायचे आणि मग स्थिर ठेवायचे. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचे पांढरे पुंजके बनतात, ते फ्लोराइडला धरून तळाशी बसतात आणि वरचे पाणी काढून घेता येते. पद्धत स्वस्त आहे. पण रोज मोजून औषध घालणारा माणूस हवा. जेथे तो होता तेथे ती चालली, जेथे नव्हता तेथे टाक्या कोरड्या पडल्या.

पाणी खोल गेले

दुसरा धोका वरून आला. विंधन यंत्र जसे गावाच्या पाण्यासाठी आले, तसे ते शेतीसाठीही आले. हापशाच्या शेजारीच अधिक खोल बोअर घेतली आणि तिच्यावर विजेचा पंप बसवला, तर भूगर्भातले पाणी तिकडे ओढले जाते. हापशातून मग नुसती हवा येते. म्हणून महाराष्ट्राने १९९३ साली कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले. पुढे २००९ साली अधिक व्यापक भूजल कायदा झाला. जमिनीखालचे पाणी कुंपणाने अडत नाही. ते साऱ्या गावाचे एकच खाते आहे. एकाने फार काढले की दुसऱ्याची शिल्लक कमी होते. पावसाचे पाणी अडवून जमिनीत जिरवणे म्हणजे त्या खात्यात भरणा करणे.

हापशाकडून नळाकडे

१९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रसंघाने पाणीपुरवठा व स्वच्छतेचे दशक म्हणून पाळले. १९८६ साली भारतात पिण्याच्या पाण्याचे राष्ट्रीय तंत्रज्ञान मिशन सुरू झाले. हापसे, लहान नळयोजना, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा यांना त्यातून चालना मिळाली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी ‘जल जीवन मिशन’ जाहीर झाले. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्याचे ध्येय. त्या दिवशी देशातील सुमारे १९ कोटी ग्रामीण घरांपैकी ३ कोटी २३ लाख घरांत नळ होते. २०२४ सालअखेर ती संख्या १५ कोटींच्या वर गेली. डोक्यावर हंडा घेऊन चालण्यात ज्यांचे बालपण जाते, त्या मुलींच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

पण नळ आला म्हणून काम संपत नाही. गावात नळाला पाणी दिवसातून तास-दोन तास येते. उरलेला वेळ नळी रिकामी असते. तिला कोठे चीर असेल आणि तेथून गटार वाहत असेल, तर आत दाब नसल्यामुळे गटाराचे पाणी नळीत शिरते. टाकीत शुद्ध असलेले पाणी घरी येईतो दूषित होते. त्यावर उपाय म्हणजे पाण्यात थोडे क्लोरीन शिल्लक ठेवणे. वाटेत जंतू शिरले तर ते त्यांचा समाचार घेते. शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन सापडले पाहिजे, असा नियम आहे.

हे क्लोरीन विरंजक चुन्यातून मिळते. गावात त्याला ‘टीसीएल पावडर’ म्हणतात. १,००० लिटर स्वच्छ पाण्याला साधारण २.५ ग्रॅम चांगली पावडर लागते. समजा, विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर आहे. ३.१४ गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले खोली, म्हणजे ३.१४ × ४ × ३, अर्थात सुमारे ३८ घनमीटर किंवा ३८,००० लिटर. पावडर लागेल ती ९५ ग्रॅम. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडतात आणि निदान अर्धा-एक तास कोणी पाणी काढत नाही. पाणी गढूळ असेल किंवा पावडर जुनी होऊन तिच्यातला क्लोरीन उडून गेला असेल, तर हे प्रमाण पुरत नाही. म्हणून नंतर चाचणी घ्यायचीच. नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. हीच ती ‘ओटी’ चाचणी. (हे रसायन विषारी आहे, ते हाताळण्याचे काम मोठ्यांनीच करावे आणि चाचणीचे पाणी कधीही पिऊ नये.)

जंतूंची शंका आली तर आणखी एक सोपी बाटली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली ती सुचवली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून उबदार जागी ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे झाले, तर विष्ठेतून आलेल्या जंतूंचा संशय घ्यावा. हे जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात आणि त्यामुळे बाटलीत काळे लोहसल्फाइड तयार होते.

महाराष्ट्रात या साऱ्या देखरेखीसाठी ग्रामपंचायतीकडे जलसुरक्षक असतो. पाण्याच्या उद्भवाची, टाकीची आणि परिसराची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत राज्यात आहे. लाल म्हणजे धोका मोठा, पिवळे म्हणजे मध्यम आणि हिरवे म्हणजे कमी. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले, हे ग्रामपंचायतीत विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तुम्हाला काय करता येईल?

शिक्षकांच्या मदतीने पुढील प्रयोग करून पाहा.

१. हापसा चालू करून पाणी वाहू द्या. मग अर्धा तास तो कोणी वापरू नये. पुन्हा दांडा मारताना पाणी यायला किती हिसके लागले ते मोजा. बरेच लागले, तर तळाची झडप किंवा नळीचा सांधा गळतो आहे.

२. पूर्ण ४० हिसक्यांत किती लिटर पाणी येते ते बादलीने मोजा. दर महिन्याला नोंद ठेवा. आकडा घटत चालला, तर वॉशरे झिजली आहेत किंवा पाण्याची पातळी खाली गेली आहे. पंप बंद पडण्याच्या आधीच हे कळवता येईल.

३. ओट्याला तडे आहेत का, सांडपाणी साचते का, संडास किंवा उकिरडा पंधरा मीटरच्या आत आहे का, ते पाहा आणि गावाचा नकाशा काढून त्यावर मांडा.

४. गावातील विहिरीच्या पाण्याची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर दोर सोडून मोजा. काही वर्षांच्या नोंदी झाल्या, की गावच्या भूजलाच्या खात्याचा जमाखर्च तुमच्या वहीत दिसू लागेल.

आता आरंभी राखून ठेवलेली गोष्ट. विंधन विहीर झाली तेव्हा वाटले, प्रश्न सुटला. पण पंप मोडले. पंप मजबूत झाले. मग वॉशरांची अडचण आली. जंतू गेले तर फ्लोराइड निघाले. पाणी मिळाले तर ते खोल गेले. नळ आले तर नळीची चीर निघाली. प्रत्येक वेळी जेथे योजना टिकली, तेथे यंत्राइतकाच महत्त्वाचा असा कोणी माणूस होता. वॉशर बदलणारा, पावडर मोजणारा, नमुना बाटलीत भरणारा, फडक्याने पाणी गाळणारी. शुद्ध पाणी ही एकदा बांधून उद्घाटन करून टाकण्याची वस्तू नाही. तो रोजचा पहारा आहे. सरकार विहीर देऊ शकते, पंप देऊ शकते, प्रयोगशाळा उभारू शकते. पहारा मात्र गावालाच द्यावा लागतो. आणि तुमच्या वहीतली हिसक्यांची नोंद हाही त्या पहाऱ्याचाच एक भाग आहे.